दार उघडं, प्रश्न चार

आमच्या वर्गात एक पृथ्वीगोल आहे. त्याचा लोखंडी आस जरा वाकलेला आहे. पोरांनी बोटे फिरवून फिरवून हिंदी महासागर जागोजागी पांढरा करून टाकला आहे. त्या पांढऱ्या पडलेल्या समुद्रात, आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्या उजव्या हाताला एक टिंब दिसते. टाचणीच्या डोक्याएवढे! ते शोधून काढा, असे मी एकदा सहावीच्या वर्गाला सांगितले. पाच-सहा डोकी गोलावर आदळली आणि एकजण ओरडला, "सापडलं मॅडम! मॉरिशस!"

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली.

"मॅडम, माहा दादा चालला न जी तिथं."

"अरे वा! फिरायला?"

"नाही जी. कामाले. एका माणसानं नोकरी लावून देली. टुरिस्ट व्हिसावर चालला."

वर्गाने "ओऽऽ" केले. धामणगाव रेल्वेतल्या एका दादाने थेट समुद्रापार जायचे, म्हणजे केवढी गोष्ट! पण तिचे ते शेवटचे बोलणे ऐकून माझ्या मनात एकदम खट्‌ झाले. तुमच्या झाले का? नसेल झाले तर काळजी करू नका. हा लेख वाचत जा, आणि मग तिचे बोलणे परत एकदा वाचून बघा.

एटीएम कार्डावरचा व्हिसा

"व्हिसा म्हणजे काय, कोण सांगेल?" मी विचारले.

एक हात वर आला. "मॅडम, माह्या बाबांच्या एटीएम कार्डावर लिहिलेलं हाय. व्हिसा!"

हसू नका बरं. कार्डावर तसे नाव असते खरे. पण ते कार्डाच्या कंपनीचे नाव झाले. आपला व्हिसा वेगळा.

असे समजा, की शेजारच्या गावच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे आणि तुम्हाला ते बघायला जायचे आहे. तुमच्या गळ्यात तुमच्या शाळेचे ओळखपत्र आहे. त्यावर तुमचा फोटो, नाव, जन्मतारीख. हे तुम्हाला कोणी दिले? तुमच्याच शाळेने. पण तेवढ्याने त्या शाळेचा फाटकावरचा शिपाई आत सोडेलच असे नाही. तो म्हणेल, "आमच्या मुख्याध्यापकांची परवानगी दाखवा." ही परवानगी तुम्हाला त्या शाळेकडूनच घ्यावी लागते.

ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट. तो आपला देश देतो. परवानगी म्हणजे व्हिसा. तो ज्याच्या घरी जायचे तो देश देतो. एक आपल्याकडचा कागद, एक त्यांच्याकडचा. एवढे पक्के लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले.

आपल्या विदर्भासाठी पासपोर्टचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. काही जिल्ह्यांच्या ठिकाणी तर डाकघरातच पासपोर्ट सेवा केंद्र असते. छत्तीस पानी साध्या पासपोर्टला मोठ्या माणसांना १,५०० रुपये आणि तुमच्यासारख्या अठरा वर्षांखालच्यांना १,००० रुपये फी पडते. आणि हो, आईच्या पासपोर्टवर बाळाचे नाव लिहिले की झाले, असे आता चालत नाही. तान्ह्या बाळालासुद्धा स्वतःचा पासपोर्ट लागतो. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. लहानांचा पाच वर्षे किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर.

दारांचे चार प्रकार

सगळे देश पाहुण्याला सारखेच दार उघडत नाहीत. मी फळ्यावर चार दारे काढली.

पहिले दार कुलपाचे. निघण्याच्या आधी त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करायचा, कागद द्यायचे, फी भरायची आणि वाट बघायची. त्यांनी हो म्हटले तर पासपोर्टच्या पानावर व्हिसाचा कागद चिकटवून मिळतो.

दुसरे दार संगणकावरचे. अर्जही घरूनच करायचा, फीही घरूनच भरायची आणि परवानगी ई-मेलने येते. याला ई-व्हिसा म्हणतात.

तिसरे दार उंबरठ्यावरचे. आधी काही काढायचे नाही. विमानातून उतरायचे, रांगेत उभे राहायचे आणि तिथेच व्हिसा घ्यायचा. हा पोचल्यावर मिळणारा व्हिसा.

चौथे दार नुसते लोटलेले. व्हिसाच लागत नाही. पासपोर्ट दाखवायचा, अधिकारी शिक्का मारतो, की आत.

गंमत म्हणजे आफ्रिकेच्या आसपासच्या बेटांवर यांतली बहुतेक दारे बघायला मिळतात. मादागास्कर हे या भागातले सगळ्यांत मोठे बेट. तिथे पर्यटकाला विमानतळावर फी भरून व्हिसा घेता येतो, नाहीतर आधी ई-व्हिसा काढता येतो. सेशेल्स हा छोट्या छोट्या बेटांचा देश. तो कोणत्याच देशाच्या माणसाकडे व्हिसा मागत नाही. पण निघण्याआधी संगणकावर अर्ज करून, फी भरून प्रवासाची मंजुरी मात्र घ्यावी लागते. म्हणजे व्हिसा नाही, तरी कागद आहेच!

आणि आमच्या गोलावरचे ते टिंब, मॉरिशस? तिथे पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. व्हिसाची फीही नाही. कोणी याला व्हिसामुक्त प्रवेश म्हणतात, कोणी पोचल्यावर फुकट मिळणारा व्हिसा म्हणतात. जाणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकच.

पण याच मॉरिशसपासून सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास रियुनियन नावाचे दुसरे बेट आहे. ते आहे फ्रान्सच्या ताब्यात. तिथे फ्रान्सचे नियम. मॉरिशसला सहज गेलात म्हणून रियुनियनलाही सहज जाल, असे नाही. समुद्र तोच, मासेही तेच, पण घर दुसऱ्याचे. म्हणून कुठल्याही बेटावर जाण्याआधी त्या देशाचे नियम त्याच्या वकिलातीतून किंवा सरकारी संकेतस्थळावरूनच बघायचे. नियम बदलत असतात. "माह्या मित्राचा चुलतभाऊ गेला होता, त्याले नाही लागलं" यावर विमान पकडायचे नाही.

टेबलाचे झाले विमानतळ

फळ्यावरची चार दारे बघून पोरे खूश झाली. "म्हणजे मॉरिशसले काहीच लागत नाही! चाला मॅडम, सहल काढू!"

"थांबा," मी म्हटले. "दार लोटलेले आहे, पण दाराशी माणूस बसलेला आहे."

मग आम्ही खेळच केला. माझे टेबल झाले मॉरिशसचे विमानतळ. वर्गातला सगळ्यांत गंभीर चेहऱ्याचा मुलगा झाला अधिकारी. मोठे खोडरबर हा त्याचा शिक्का, आणि ऑफिसातून आणलेला शाईचा पॅड. बाकीचे पर्यटक वह्यांचे पासपोर्ट घेऊन रांगेत उभे राहिले. अधिकाऱ्याने विचारायचे चार प्रश्न मी फळ्यावर लिहून दिले. किती दिवस राहणार? कुठे उतरणार? खर्चाचे पैसे आहेत का? कशासाठी आलात?

पहिला पर्यटक आला.

"किती दिवस राहणार?"

"जेवढे दिवस करमलं तेवढे!"

सगळा वर्ग हसला. अधिकारी मात्र हसला नाही. त्याने वही परत केली. "वापस जा."

बरोबर केले त्याने. पाहुणा कधी जाणार हे घरच्याला कळायला नको? म्हणून परतीचे तिकीट दाखवावे लागते. अधिकारी शिक्का मारतो तेव्हा तुम्हाला किती दिवस राहता येईल तेही त्यात येते. तेवढेच दिवस तुमचे. त्यावर एक दिवसही जास्त झाला, तर पाहुणा नियम मोडणारा ठरतो.

दुसरी पर्यटक आली.

"कुठं उतरणार?"

"मामाच्या इथं."

"मामाचं पत्र आणलं का?"

"फोन लावू का?"

फोनने भागत नाही. हॉटेलात उतरणार असाल तर खोली राखून ठेवल्याचा कागद लागतो. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याचे पत्र आणि पत्ता जवळ हवा. मॉरिशसमध्ये खरोखरचा मराठी मामा असूही शकतो बरं का! ते पुढे सांगते.

तिसरा आला. पैशाच्या प्रश्नावर त्याने खिसे उलटे करून दाखवले. त्यातून एक बोर आणि बसचे तिकीट निघाले. तोही परत गेला. बेटावर राहण्याखाण्याचा खर्च मोठा असतो. पाहुण्याने तो स्वतः करायचा आहे, म्हणून जवळ पुरेसे पैसे आहेत हे दाखवता आले पाहिजे.

एक प्रश्न फळ्यावर नव्हता, तोही सांगून ठेवते. तुम्ही कुठून आलात? काही जण आफ्रिकेतल्या एखाद्या देशात उतरून, विमान बदलून बेटावर जातात. त्या देशात पीतज्वर असला, तर लस टोचल्याचा दाखला लागू शकतो. आणि आपल्याकडे परत येतानाही तो विचारला जातो. हा दाखला पिवळ्या रंगाच्या पुस्तिकेत मिळतो. मुंबईहून सरळ विमानाने गेले तर ही भानगड नाही.

चौथी आली ती खिडकीजवळची मुलगी. ती म्हणाली, "मी माहा दादा होतो."

तिने सगळी उत्तरे ठणठणीत दिली. परतीचे तिकीट आहे. राहायची जागा आहे. पैसे आहेत. अधिकाऱ्याने शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"कशासाठी आलात?"

"कामाले आलो."

शिक्का हवेतच राहिला. अधिकारी तिच्याकडे बघत राहिला. मग फळ्याकडे. मग माझ्याकडे.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हा तर टुरिस्ट हाय न? मंग कामाले कसा आला?"

वर्गात कोणी हसले नाही. ती मुलगीही काही बोलली नाही. वही उचलून जागेवर जाऊन बसली.

दोस्तांनो, पर्यटकाला काम करायची परवानगी नसते. मॉरिशसमध्ये नाही, आणि आपल्याकडे येणाऱ्या परदेशी पर्यटकालाही नाही. कामासाठीचा परवाना वेगळा असतो. मालक तिथल्या सरकारकडे तो मागतो, कामगार निघण्याच्या आधीच. पर्यटकाच्या दारातून शिरून जो कामाला लागतो, त्याचे हाल विचारू नका. पगार बुडाला तर तक्रार करता येत नाही, कारण तक्रार करायला गेला की तोच पकडला जातो. मालकालाही हे ठाऊक असते. पुष्कळदा त्याचा पासपोर्टसुद्धा मालकच ठेवून घेतो. फाटक उघडे असते, पण बाहेर पडायला वाट नसते.

त्या काळचा कागद

दुसऱ्या दिवशी आमच्या अधिकाऱ्याने मला विचारले, "मॅडम, तुम्ही म्हटलं होतं मॉरिशसमध्ये मराठी मामा असते. ते कसे गेले तिथं? त्यायले इचारले का कोणी हे चार प्रश्न?"

छान प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला जरा मागे जावे लागेल.

मॉरिशस हा केवढासा देश! सगळे मिळून २,०४० चौरस किलोमीटर. आमच्या अमरावती जिल्ह्याचा सहावा हिस्सा. तिथे उसाचे मळे होते आणि मळ्यांवर गुलाम राबत होते. १८३५ साली तिथली गुलामगिरी संपली. मळेवाल्या गोऱ्या मालकांना आधीपासूनच दुसरी माणसे हवी होती. ती त्यांनी हिंदुस्थानातून न्यायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण पोर्ट लुई बंदरावर उतरले. पुढच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. बहुतेक बिहारकडची आणि तामीळ-तेलुगू मुलखातली. पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतली मराठी माणसे होती.

त्यांच्याही हातात एक कागद होता. करार. इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट'चे त्यांनी केले 'गिरमिट'. पुढे पुढे हे गिरमिट बहुधा पाच वर्षांचे असे. पगार महिन्याला पाच रुपयांच्या आसपास आणि वर शिधा. बंदरावर उतरले की रजिस्टरमध्ये नाव, बापाचे नाव, वय, गाव, जात, उंची आणि अंगावरची खूण लिहून घेत. आणि प्रत्येकाला नंबर देत.

करारात लिहिलेला पगारही पुरता हातात पडत नसे. एक दिवस कामावर नाही गेले तर दोन दिवसांचा पगार कापत. आजारी पडले तरी सुटका नाही. पाच वर्षे संपली म्हणजे माणूस मोकळा झाला, असेही नव्हते. १८६७ साली एक कायदा आला. ज्या वर्षी आमच्या धामणगावावरून आगगाडीचा रस्ता नागपूरला पोचला, तेच हे वर्ष बघा. त्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या माणसालाही फोटो लावलेला पास सतत जवळ बाळगावा लागे. आपला भाग सोडून बेटाच्या दुसऱ्या भागात जायचे तर पोलिसांची परवानगी हवी. पास घरी विसरला की अटक. अख्खे बेट आमच्या जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाएवढे, आणि त्यातही हिंडायला कागद! हजारो माणसे अशी पकडली गेली.

मग १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळेवाल्यानेच त्यांची बाजू घेतली. राणीला द्यायचा अर्ज तयार झाला. त्यावर ९,४०१ जणांनी सह्या-अंगठे केले. दुसऱ्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. कागदाने बांधलेल्या माणसांनी शेवटी कागदावरच दाद मागितली.

आज पोर्ट लुईला ते जुने बंदर जपून ठेवले आहे. बोटीतून उतरलेली माणसे ज्या दगडी पायऱ्या चढून वर गेली, त्या १६ पायऱ्या तिथे आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. २ नोव्हेंबरला तिथे दरवर्षी सुट्टी असते. गणेश चतुर्थीचीही सुट्टी असते! मराठी मंडळी आजही तिथे गणपती बसवतात, कोकणातली जाखडी नाचतात आणि शाळांमधून मराठी शिकतात. १९९१ साली जागतिक मराठी परिषदही तिथे भरली होती. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत ती जुनी रजिस्टरे आणि फोटो सांभाळून ठेवले आहेत. लोक आपल्या खापरपणजोबांचा नंबर शोधत तिथे येतात.

आणि आता उलटी गंमत. त्या माणसांची नातवंडे-पतवंडे भारतात येऊ म्हणतात, तेव्हा त्यांना आपल्या देशाचा कागद लागतो. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या. भारतीय वंशाच्या सातव्या पिढीतल्या मॉरिशसवासीयांनाही 'ओसीआय' कार्ड मिळू शकेल, असे त्यांनी तेव्हा जाहीर केले. हे कार्ड असले की भारतात यायला दर वेळी व्हिसा काढावा लागत नाही. तो मराठी मामा तुमच्या घरी आला आणि म्हणाला, "मी सहाव्या पिढीचा," तर दार लोटलेलेच ठेवा.

मग दादाचे काय झाले?

तुम्ही हेच विचारणार, मला ठाऊक आहे.

खेळ झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडील शाळेत आले. हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाले, "मॅडम, पोट्टी घरी येऊन म्हणे, दादा दारावरच अडकते. दोन दिवस झाले जेवत नाही बराबर. तुमी जरा कागद पाहा बरं."

मी काही वकील नाही, दोस्तांनो. डी.एड. झालेली साधी शिक्षिका. पण वाचता तर येते! आम्ही दोघांनी ऑफिसच्या बाकावर बसून एकेक कागद वाचला. पासपोर्टची झेरॉक्स होती. विमानाचे तिकीट होते, परतीचेसुद्धा. हॉटेलात खोली घेतल्याचा कागद होता. बस्स. काम कोणते, पगार किती, मालक कोण, किती वर्षे, यातले काही कुठेच नव्हते. त्या माणसाने एक लाख ऐंशी हजार मागितले होते. दहा हजार देऊन झाले होते, पावती नव्हती. उरलेल्यांसाठी कापसाचे पैसे यायची वाट बघत होते. आणि जाताना दादाला पढवून ठेवले होते, "दारावर इचारलं तर फिराले आलो म्हणजो."

मला ते गिरमिट आठवले. दीडशे वर्षांपूर्वी कोकणातल्या त्या माणसांना फसवले, नाडले. पण त्यांच्या कागदावर निदान काम, पगार आणि मुदत लिहिलेली होती. त्याच कागदाच्या जोरावर ती माणसे राणीकडे दाद मागू शकली. आमच्या दादाच्या कागदावर तेवढेही नव्हते. तिथे काही झाले असते, तर तो कशाच्या जोरावर बोलला असता? तो तर दारावरच खोटे बोलून आत गेलेला!

मी त्याच्या वडिलांना तीन गोष्टी लिहून दिल्या. त्या तुम्हीही लिहून घ्या.

एक. कामाला जायचे तर कामाचा करार आणि त्या देशाचा कामाचा परवाना निघण्याच्या आधी हातात हवा. "तिकडे गेल्यावर करून देऊ" याचा अर्थ "होणार नाही" असा घ्यायचा.

दोन. परदेशात माणसे पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. १९८३ च्या कायद्याने तसे बंधन आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागायचा आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर आहे का ते बघायचे.

तीन. अशा एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येते. आणि त्याची पावती द्यावी लागते.

दादाने त्या माणसाला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. तो म्हणाला, "उद्या सांगतो." उद्या त्याचा फोन बंद. परवाही बंद. दहा हजार गेले ते गेलेच. दादा आठ दिवस घरात कोणाशी बोलला नाही. बहिणीशी तर नाहीच. तिला वाटले, आपल्यामुळे दादाचे जाणे हुकले. ती मला एकदा म्हणाली, "मॅडम, मी त्या दिवशी वर्गात बोललीच नसती तर बरं झालं असतं." मी काय सांगणार? मी म्हटले, "बाळ, तू बोललीस म्हणून एक लाख सत्तर हजार वाचले आणि दादाही वाचला." ती काही बोलली नाही.

आता दादा इथल्याच एका जिनिंगमध्ये हंगामाला जातो आणि आयटीआयला वायरमनचे शिकतो. परदेशी जायचे त्याने सोडलेले नाही. सोडूही नये. जग बघावे, काम करावे, पैसे मिळवावे. पण कामाच्या दारातून जावे, म्हणजे मान वर करून राहता येते. मागच्या महिन्यात तो बहिणीला सायकलवर सोडायला शाळेत आला होता. मला बघून हसला. "मॅडम, पृथ्वीगोल दाखवा न एकदा," म्हणाला. बराच वेळ ते टिंब बघत उभा राहिला.

तुम्हीही खेळा

धामणगावाहून मुंबईला आगगाडीने रात्रभर लागते. मुंबईहून मॉरिशसला विमानाने सहा-साडेसहा तास. म्हणजे आगगाडीच्या जवळजवळ निम्माच वेळ! तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण तिथे जातील. कोणी समुद्र बघायला, कोणी शिकायला, कोणी कामाला. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, एवढे आत्ताच सांगून ठेवते.

तोवर एक करा. घरात कोणाचा पासपोर्ट असेल तर मोठ्यांना विचारून तो उघडून बघा. कुठे कुठे शिक्के आहेत, कोणत्या देशाचे, किती तारखेचे. नसेल तर हरकत नाही. आपल्या वर्गात टेबल मांडा, खोडरबराचा शिक्का करा आणि रांगेत उभे राहा. चार प्रश्न तर तुम्हाला आता पाठच झाले आहेत. दार कितीही उघडे असले तरी चारही प्रश्नांची खरी उत्तरे देता यायला हवीत.

आणि हो, ते पहिले वाक्य आता परत वाचा बघू. "कामाले. टुरिस्ट व्हिसावर चालला." आता झाले का मनात खट्‌? झाले असेल, तर तुमच्या गल्लीत, नात्यात, ओळखीत कोणी असे बोलताना ऐकलेत की गप्प बसू नका. त्या मुलीसारखे उभे राहा आणि सांगा.